काहून डिलीट होत नाही हे फोल्डर?

सेवा केंद्रातला कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांचा, आत १२० जीबीची एसएसडी. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की हात आपसूक मोठ्या फोल्डरांकडे जातो. विंडोज.ओल्ड दिसतं, विंडोजच्या स्वतःच्या भागांचा साठा असलेलं विनएसएक्सएस दिसतं. राइट क्लिक, डिलीट. आणि समोर पाटी उभी राहते: हे फोल्डर बदलायला ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ची परवानगी लागेल. ‘ट्राय अगेन’ दाबलं की तीच पाटी पुन्हा. मग एखाद्या व्हिडिओतली ‘एका क्लिकमध्ये फुल परमिशन’वाली फाइल चालवली जाते. त्या दिवशी फोल्डर जातं खरं, पण आठ दिवसांनी स्टार्ट मेनू उघडेनासा होतो.

विंडोजचा नकार एकाच जातीचा नसतो. नकार कोणता ते ओळखलं की निम्मं काम झालं. आणि खऱ्या सिस्टम फाइलींच्या बाबतीत कुलूप तोडायची वेळ जवळजवळ कधीच येत नाही, कारण बाजूला रीतसर दरवाजा असतो.

पुढे आज्ञा आणि बटणांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीतच असतील, आज्ञाही इंग्रजीतच टाइप करायच्या. स्पेलिंग फसवं आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. टाइप करण्याआधी कीबोर्ड मराठीवर नाही ना, हे टास्कबारवर बघून घ्या. सातबाऱ्याचे अर्ज भरता भरता तो मराठीवरच राहिलेला असतो आणि आज्ञा का चालत नाही ते कळत नाही.

पाटी वाचा, बटण मागून दाबा

‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असा मजकूर असेल, तर परवानगीचा काही संबंध नाही. कोणीतरी ती फाइल धरून बसलं आहे. याचा एरर क्रमांक ३२. इथे मालकी बदलून उपयोग शून्य.

‘ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी द्यावी लागेल’ असं म्हणून खाली ढालीच्या चित्राचं ‘कंटिन्यू’ बटण असेल, तर तो नकार नव्हे, विचारणा आहे. तुमचं खातं ॲडमिन असेल तर कंटिन्यू दाबा, काम होतं.

‘अमक्याची परवानगी लागेल’ असं नाव घेऊन सांगितलं, तर तो खरा हक्काचा प्रश्न. एरर क्रमांक ५, कधी ०x८००७०००५ असा लांबलचक आकडा. या पाटीची एक गंमत आहे. कधीकधी ती तुमचंच नाव घेऊन सांगते की तुमची परवानगी लागेल. डोकं फिरवणारी गोष्ट, पण तिचाही उलगडा पुढे आहे.

‘पाथ (म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता) फार लांब आहे’ किंवा ‘फाइल करप्ट आहे, वाचता येत नाही’ या पाट्यांचाही हक्कांशी संबंध नसतो. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

फोल्डरचा सातबारा

१९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही डिस्कवर माहिती ठेवायची पद्धत आली. आजही सी ड्राइव्ह त्याच पद्धतीचा असतो. यात प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला स्वतःचा एक उतारा असतो. सातबारा वाचणाऱ्या माणसाला तो लगेच समजेल. वर मालकाचं नाव, खाली कोणाकोणाला कोणते हक्क त्याची यादी. एकाला नुसतं बघता येतं, एकाला लिहिता येतं, एकाला पुसता येतं. एखाद्याच्या नावापुढे स्पष्ट ‘मनाई’ही लिहिलेली असू शकते.

लोक चुकतात ते इथे: मालक असणं आणि पुसायचा हक्क असणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मालकाला आपोआप मिळतं ते एवढंच, की उताऱ्यावरचे हक्क वाचायचे आणि बदलायचे. म्हणजे मालकी घेतली तरी डिलीट अडू शकतं, कारण हक्कांच्या यादीत तुमचं नाव अजून चढलेलं नसतं. आधी फेरफार, मग हक्काची नोंद, मग काम. ‘तुमचीच परवानगी लागेल’ ही विचित्र पाटी बहुतेक वेळा या दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकल्यामुळे येते.

वारसाही इथे आहे. आतलं फोल्डर आपले हक्क वरच्या फोल्डरकडून घेतं. डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर काढलं की त्याला डीचे हक्क वारशाने मिळतात. पण कोणी मध्येच वारसा तोडला, म्हणजे ‘डिसेबल इनहेरिटन्स’ केलं, की वर कितीही बदल करा, खाली उतरत नाहीत.

‘मनाई नेहमी जिंकते’ असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. त्या फाइलवर थेट लिहिलेली मनाई सगळ्यात आधी पाहिली जाते, मग थेट लिहिलेली परवानगी, मग वारशाने आलेली मनाई आणि शेवटी वारशाने आलेली परवानगी. म्हणून वरून आलेल्या मनाईवर थेट दिलेली परवानगी मात करू शकते.

आणखी एक खाच. फाइल पुसायला दोन वाटा आहेत. एक, त्या फाइलवरच ‘डिलीट’चा हक्क. दुसरी, तिच्या वरच्या फोल्डरवर ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ हा हक्क. झाडावर तुमचा हक्क नसेल, पण वावर तुमचं असेल, तर झाड तोडता येतं, तसा हा प्रकार. फाइलचा उतारा कोरा असूनही ती गेली, असं दिसलं तर कारण वरच्या फोल्डरमध्ये शोधा.

ॲडमिन असूनही नकार का?

२००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून ॲडमिन खात्याने लॉगिन केलं की खिशात दोन ओळखपत्रं येतात. रोजच्या कामाला साधं, आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हटल्यावर बाहेर निघणारं पूर्ण ताकदीचं. तुम्ही फोल्डर उघडून डिलीट दाबता तेव्हा साधं ओळखपत्र पुढे केलेलं असतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘हूॲमआय /ग्रुप्स’ टाइप करा. पहिला शब्द डब्ल्यू-एच-ओ-ए-एम-आय, सलग. ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या ओळीत ‘ग्रुप यूज्ड फॉर डिनाय ओन्ली’ असं दिसेल. म्हणजे नाव यादीत आहे, पण केवळ मनाई लागू करण्यापुरतं. आता स्टार्टमध्ये सीएमडी शोधून राइट क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. त्याच ओळीत ‘एनेबल्ड ग्रुप’ येईल.

आता ट्रस्टेडइन्स्टॉलर. तो माणूस नाही, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ नावाची सेवा आहे. अपडेट बसवणं, काढणं हे तिचं काम. विंडोज फोल्डरातल्या बहुतेक मूळ फाइलींची मालकी तिच्या नावावर असते. ॲडमिनला तिथे फक्त वाचायचा आणि चालवायचा हक्क. एक्सपीच्या काळात ॲडमिनला सिस्टम फाइल पुसता यायची, आणि विंडोज मागच्या मागे राखीव प्रत काढून ती परत ठेवायचं. व्हिस्टापासून हातच अडवला. त्रासदायक वाटतं, पण पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरस तुमच्याच खात्याच्या जोरावर चालतो. तुम्हाला जे पुसता येत नाही ते त्यालाही सहजी पुसता येत नाही.

जागाच हवी असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. त्याच्या आगेमागे अनेकांनी ११ वर उडी मारली. जुनं विंडोज विंडोज.ओल्ड या फोल्डरात पडून राहतं आणि १०-२० जीबी सहज अडवतं. डिलीट दाबून ते जाणार नाही. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करा आणि रिमूव्ह दाबा. घाई नसेल तर काहीच करू नका. जुन्या विंडोजवर परत जायची मुदत १० दिवसांची असते, ती संपली की विंडोज हे फोल्डर आपणच साफ करतं. प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचं टोकन हे सगळं नव्या विंडोजवर चालतं का, याची खात्री झाल्याशिवाय ते घालवूही नये. परतीची वाट त्यातूनच आहे.

विनएसएक्सएस हे फोल्डर दिसतं तेवढं मोठं नसतं. त्यातल्या कितीतरी फाइली आणि सिस्टम३२ मधल्या फाइली या डिस्कवर एकच असतात, नावं फक्त दोन ठिकाणी. एकाच वावराची नोंद दोन कागदांवर असली म्हणून जमीन दुप्पट होत नाही. एक्सप्लोरर मात्र दोन्ही कागदांची बेरीज करतो. खरा आकार बघायचा तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /ॲनलाइझकंपोनंटस्टोअर

डिस्म म्हणजे डी-आय-एस-एम, आणि ॲनलाइझमध्ये एस नाही, झेड. शेवटी ‘क्लीनअप रेकमेंडेड’समोर यस आलं तर शेवटचा शब्द बदलून ‘स्टार्टकंपोनंटक्लीनअप’ चालवा. जुन्या कॉम्प्युटरवर आकडा एका जागी अडकल्यासारखा वाटतो. खिडकी बंद करू नका, चालू द्या. पुढे ‘/रीसेटबेस’ जोडायचा सल्लाही मिळतो. त्याने थोडी आणखी जागा सुटते, पण आधी बसलेले अपडेट नंतर काढता येत नाहीत. बिघडलेला अपडेट काढायची वेळ कधी येईल सांगता येत नाही, म्हणून ते न जोडलेलं बरं.

हायबरफिल.सिस ही फाइलही हाताने जात नाही. हायबरनेट करताना, म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करताना, ते काम हिच्यात ठेवलं जातं. ८ जीबी रॅम असेल तर ती साधारण ३ जीबीच्या वर असते. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ एवढी आज्ञा दिली की ती आपोआप नाहीशी होते. त्याबरोबर फास्ट स्टार्टअप (कॉम्प्युटर झटपट चालू व्हायची सोय) आणि हायबरनेट दोन्ही बंद होतात. डेस्कटॉपला फारसा फरक पडत नाही. लॅपटॉपवर लोडशेडिंगच्या वेळी बॅटरी संपता संपता उघडं काम वाचवणारी सोय तीच असते, तेव्हा तिथे विचार करून.

अपडेटचा उतरवलेला माल सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनच्या आतल्या डाउनलोड फोल्डरात असतो. तो काढण्याआधी सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर’ या दोन सेवा थांबवा, डाउनलोडच्या आतला माल पुसा, सेवा पुन्हा चालू करा. फोल्डर नाही, आतला माल.

विंडोजच्या आत ‘इन्स्टॉलर’ नावाचं लपलेलं फोल्डर आहे. ते कितीही फुगलेलं दिसो, त्याला हात लावू नका. बसवलेले प्रोग्रॅम पुढे दुरुस्त करायला, काढायला, त्यांचे अपडेट बसवायला त्यातल्याच फाइली लागतात. नुकसान आज दिसत नाही. सहा महिन्यांनी एखादा प्रोग्रॅम ना काढता येतो, ना नवा बसतो, तेव्हा दिसतं.

अडकलेली प्रिंट: एक उदाहरण जवळून

खरीप पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की केंद्रासमोर रांग असते, आणि नेमकी तेव्हाच प्रिंट अडकते. प्रिंटरच्या खिडकीत कॅन्सल दाबलं तर ‘डिलीटिंग’ असं लिहून येतं आणि तासभर तसंच राहतं. हे अडकलेलं काम सी:\विंडोज\सिस्टम३२\स्पूल\प्रिंटर्स या फोल्डरात असतं. फोल्डर उघडायला गेलं की ढालीचं कंटिन्यू येतं, म्हणजे वर सांगितलेली विचारणा. ते दाबा. आत प्रत्येक प्रिंटच्या दोन फाइली दिसतील, एकीचा शेवट एसपीएल, दुसरीचा एसएचडी. पहिलीत छापायचा मजकूर, दुसरीत कोणी, कोणत्या प्रिंटरला, कशी प्रिंट दिली त्याचा तपशील.

आता डिलीट दाबलं तर ‘फाइल प्रिंट स्पूलरमध्ये उघडी आहे’. म्हणजे नकार क्रमांक ३२. इथे मालकी घेण्याच्या मागे लागलात तर रांग वाढेल आणि फाइल तिथेच राहील. ती धरून बसलेली सेवा, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा स्पूलर, थांबवायची आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

नेट स्टॉप स्पूलर

मग फोल्डरातल्या सगळ्या फाइली निवडून पुसा. प्रिंटर्स हे फोल्डर राहू द्या. मग:

नेट स्टार्ट स्पूलर

प्रिंटर एकदा बंद करून चालू करा, कारण त्याच्या स्वतःच्या मेमरीतही अर्धं पान राहिलेलं असतं. मिनिटभराचं काम आहे. फक्त पुसण्याआधी लक्षात ठेवा, रांगेतल्या सगळ्यांच्या प्रिंट गेल्या, त्या पुन्हा द्याव्या लागतील.

कोणती फाइल कोणी धरली हे पाटीत नाव नसेल तर असं शोधा: स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा, सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ नावाचा पट्टा आहे, त्याच्या शोधचौकटीत फाइलचं नाव टाका. धरणारा प्रोग्रॅम खाली दिसतो. तोही कळेना तर रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर बंद होऊन नव्याने उभं राहतं.

मालकी घ्यायची खरी वेळ

वीज पडली, व्होल्टेज वर गेलं, मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क मात्र शाबूत. ती केसमध्ये घालून यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर जुन्या खात्याचं फोल्डर उघडत नाही. कारण उताऱ्यावर नाव नसतंच, एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांब आकडा असतो. विंडोज माणसाला नावाने नाही, या आकड्याने ओळखतं. जुन्या कॉम्प्युटरवरचं ‘केंद्र’ खातं आणि नव्यावरचं ‘केंद्र’ खातं यांचे आकडे वेगळे, म्हणून माणसंही वेगळी. सिक्युरिटीच्या पानावर ‘अकाउंट अननोन’ दिसतं ते हेच.

अशा डिस्कवर मालकी घेणं बिलकुल योग्य आहे. नुसता डेटा उघडायचा असेल तर फोल्डरवर डबल क्लिक केल्यावर येणारं कंटिन्यू बहुधा पुरतं. त्या एका क्लिकने तुमच्या खात्याचं नाव उताऱ्यावर कायमचं चढतं. तेवढ्याने भागलं नाही तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ओनरसमोर ‘चेंज’ आहे. चौकटीत ॲडमिनिस्ट्रेटर्स लिहा, शेवटचा एस विसरू नका, आणि ‘चेक नेम्स’ दाबा. नावाखाली रेघ आली म्हणजे ओळख पटली. ओके केल्यावर ओनरच्या खाली ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ अशी टिकची चौकट दिसते. ती टिक विसरली की मालकी फक्त बाहेरच्या फोल्डरची मिळते, आतलं सगळं जुन्याच नावावर. आता सगळ्या खिडक्या बंद करून प्रॉपर्टीज पुन्हा उघडा. मध्ये बंद न करता पुढे गेलं तर जुनेच हक्क दिसत राहतात, आणि बरेच जण इथेच हरतात. पुन्हा सिक्युरिटी, एडिट, ॲडमिनिस्ट्रेटर्सला ‘फुल कंट्रोल’.

फाइली हजारोंनी असतील तर आज्ञा सोपी पडते. आधी मालकी:

टेकओन /एफ "ई:\जुना डेटा" /आर /ए /डी वाय

टेकओन म्हणजे टी-ए-के-ई-ओ-डब्ल्यू-एन, सलग. /आर म्हणजे आतल्या सगळ्यासकट. /ए म्हणजे मालकी ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला द्या. ते नसेल तर तुमच्या एकट्याच्या नावावर होते. /डी वाय म्हणजे मध्येच प्रश्न विचारलास तर उत्तर ‘हो’ धर. मग हक्क:

आयकॅकल्स "ई:\जुना डेटा" /ग्रँट ॲडमिनिस्ट्रेटर्स:एफ /टी /सी

आय-सी-ए-सी-एल-एस. /टी म्हणजे आतपर्यंत सगळीकडे, /सी म्हणजे एखादी फाइल अडली तरी पुढे चालत राहा. दोन्ही आज्ञांत ‘एफ’ आहे, पण पहिल्यात ते फाइल, दुसऱ्यात फुल कंट्रोल. नावात मोकळी जागा असेल तर दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं हवीतच. फोल्डरचं नाव मराठीत असेल तर काळ्या खिडकीत चौकोन दिसतात, पण त्याने काम अडत नाही. एक्सप्लोररमध्ये शिफ्ट धरून राइट क्लिक करा, ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या आणि तिथे चिकटवा. अवतरणचिन्हंसुद्धा सोबत येतात. मध्येच लाइन गेली तर दोन्ही आज्ञा पहिल्यापासून पुन्हा चालवा, दुसऱ्यांदा चालवल्याने काही बिघडत नाही.

जुन्या डिस्कवरचं अख्खं विंडोज फोल्डर पुसत बसू नका. त्यात लाखाच्या वर फाइली असतात, मालकी बदलण्यातच दुपार जाते. हवा तो डेटा बाहेर काढा, उघडून तपासा, आणि त्या भागाला क्विक फॉरमॅट द्या. फॉरमॅट फाइलींचे उतारे विचारत नाही. काही सेकंदांत मोकळं. फक्त ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा.

डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल, तर मालकी घेऊनही हाती काही लागत नाही. उतारा तुमच्या नावावर झाला तरी पेटीची किल्ली जुन्या खात्याकडेच आहे. बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, असेल तर डिस्क आधीच ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती कागदावर लिहून ठेवलेली नसेल तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तो कॉम्प्युटर सुरू केला होता त्यात शोधा.

हे मात्र करू नका

टेकओन आणि आयकॅकल्स सरसकट ‘सी:\’वर चालवू नका. स्टोअरमधले ॲप, स्टार्ट मेनू, अपडेट ही सगळी ठरावीक हक्कांवर उभी आहेत. प्रत्येक फोल्डरचा उतारा वेगळा असतो. सगळ्यांवर एकच नाव चढवलं की पहिलं काय होतं ते एका बटणात परत आणता येत नाही. बहुतेक वेळा विंडोजवरच विंडोज बसवून दुरुस्ती करावी लागते. ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांनाच, फुल कंट्रोल देणं तर धुऱ्यावरचं कुंपण काढून बाजारात सांगून येण्यासारखं आहे.

सीमध्ये लपलेल्या फाइली दाखवल्या की ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ दिसतं, वर छोटा बाण असतो, आणि उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड. अनेक जण त्याची मालकी घ्यायला धावतात. ते फोल्डरच नाही. जुन्या प्रोग्रॅमांना ‘यूजर्स’कडे वळवणारी ती पाटी आहे, आणि आत डोकावायला एव्हरीवनला मुद्दाम मनाई लिहिलेली आहे. त्यात जागा अडकलेली नसते.

एखाद्या सिस्टम फाइलची मालकी घ्यावीच लागली, तर आधी हक्क लिहून ठेवा. ‘आयकॅकल्स’, फाइलचा पाथ, मग ‘/सेव्ह’ आणि एका मजकूर फाइलचं नाव. परत आणताना ‘/रीस्टोअर’च्या आधी त्याच फाइलचा नाही, तिच्या वरच्या फोल्डरचा पाथ द्यायचा असतो. इथे बहुतेकांचं चुकतं. या नोंदीत मालकाचं नाव येत नाही, ते वेगळं परत द्यावं लागतं. ओनर, चेंज, आणि चौकटीत ‘एनटी सर्व्हिस\ट्रस्टेडइन्स्टॉलर’. एनटी आणि सर्व्हिसमध्ये जागा, ट्रस्टेड आणि इन्स्टॉलर सलग. नुसतं ट्रस्टेडइन्स्टॉलर लिहिलं तर असं कोणी नाही असं उत्तर येतं. सिस्टम फाइल आधीच बिघडली असेल तर सिस्टम फाइली तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवा.

परवानगीचा प्रश्नच नसतो तेव्हा

फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की एक्सप्लोरर अडतो. योजनेचं लांब नाव, त्यात गावाचं फोल्डर, त्यात लाभार्थ्याचं, त्यात पुन्हा ‘न्यू फोल्डर’, असं करत ही हद्द सहज ओलांडली जाते. वरच्या फोल्डरांना ए, बी, सी अशी एकाक्षरी नावं द्या, पत्ता आखूड होतो आणि फाइल मुकाट जाते.

‘करप्ट’ची पाटी लाइन अचानक गेल्यानंतर येते. तेव्हा डिस्क तपासून दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’ चालवा: आज्ञा सी-एच-के-डी-एस-के, पुढे ड्राइव्हचं अक्षर आणि /एफ. डिस्क कटकट आवाज करत असेल तर आधी डेटा काढा, चेकडिस्क नंतर. मरायला टेकलेल्या डिस्कला ती शेवटचा धक्का ठरू शकते.

आणि पेन ड्राइव्ह. तो सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो, आणि त्यात मालक, हक्क, वारसा यातलं काहीच नसतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचं पानच दिसत नाही. म्हणून तिथे टेकओन चालवणं व्यर्थ. शॉर्टकट व्हायरसने फोल्डर लपवले असतील तर ‘ॲट्रिब -एस -एच -आर ई:\*.* /एस /डी’ ही आज्ञा त्यांना उजेडात आणते. ॲट्रिब म्हणजे ए-टी-टी-आर-आय-बी. आधी अँटिव्हायरसने पेन ड्राइव्ह तपासा, नाहीतर तो पुन्हा लपवतो. कॅमेऱ्याचं एसडी कार्ड ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर कार्ड बाहेर काढा आणि डाव्या कडेचं बारीक बटण बघा. ते खाली सरकलेलं असेल तर नखाने वर ढकला, आणि कार्ड पुन्हा लावा.